इंग्लंडमधली शाळा, सांगलीतले लग्न आणि तीन आठवड्यांची रजा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही भलतेच गृहीत धरले असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून रेडिंगला आलात. मुलगा इयर फोरमध्ये (आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात) आहे आणि मुलगी याच सप्टेंबरपासून रिसेप्शनच्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या सुरुवातीच्या वर्गात जाऊ लागली आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर सांगलीला धाकट्या दिराचे लग्न आहे, दोन-तीन तारखांपैकी एक अजून पक्की व्हायची आहे, आणि एवढ्या लांब जातोच आहोत तर मुलांनी आजी-आजोबांजवळ तीन आठवडे राहावे असे तुम्हाला वाटते. शाळेला तसा ईमेल केल्यावर ‘हे अपवादात्मक कारण नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. ग्लासगोच्या तुमच्या बहिणीने मात्र मागच्या वर्षी मुलांना दोन आठवडे भारतात नेले आणि तिला कोणी काही विचारले नाही. शेजारीण म्हणते की दंड भरा आणि मोकळ्या व्हा, तर दुसऱ्या एका मैत्रिणीचा सल्ला आहे की मुले आजारी असल्याचे कळवा. दंड किती बसेल, पटावरून नाव जाईल का, आणि ९८ टक्के हजेरी असलेल्या मुलाला एवढीही सवलत का मिळू नये, हे तुमचे तीन प्रश्न.

मी पश्चिम लंडनमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत काम करते आणि बरीच वर्षे हजेरीचा विभाग माझ्याकडे आहे. असे अर्ज वाचणे, त्यावर मुख्याध्यापकांशी बोलणे आणि पालकांना समोर बसवून निर्णय सांगणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमच्या शाळेचे धोरण मी पाहिलेले नाही आणि अंतिम अधिकार तुमच्याच मुख्याध्यापकांचा आहे, त्यामुळे ‘इतके दिवस नक्की मिळतील’ असे मी सांगणार नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा एकाच लग्नासाठी वेगवेगळे दिवस देतात, हे मी पाहिलेले आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात हजेरी म्हणजे टक्केवारी असते. दहावी-बारावीला ७५ टक्के भरली की परीक्षेला बसता येते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत, पण ते बंधन शाळेवर आहे. प्राथमिक वर्गातल्या मुलाने घरच्या लग्नासाठी आठवडाभर दांडी मारली तर पालकांची चिठ्ठी पुरते. त्यामुळे, नोकरीतली किरकोळ रजा जशी शिल्लक असते तशी मुलाच्या खात्यावर काही टक्के अनुपस्थिती शिल्लक आहे आणि ती कशी वापरायची ते आपण ठरवायचे, अशी आपली समजूत होते. इंग्लंडमध्ये असे खातेच नाही. इथला प्रश्न टक्क्यांचा नसून परवानगीचा आहे. ९८ टक्के हजेरी असलेल्या मुलाची एक दिवसाची विनापरवानगी रजा विनापरवानगीच राहते, आणि ८८ टक्के हजेरी असलेल्या मुलाला मुख्याध्यापकांनी तीन दिवस मंजूर केले तर ते तीन दिवस नियमात बसतात.

हे नेहमीच असे नव्हते. २०१३ पूर्वीच्या नियमांत कौटुंबिक सुट्टीचा उल्लेख होता आणि विशेष परिस्थितीत मुख्याध्यापक वर्षात दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकत होते. व्यवहारात अनेक पालक ते दहा दिवस हक्काचे समजू लागले. सप्टेंबर २०१३ पासून तो उल्लेखच काढून टाकला गेला आणि रजा केवळ अपवादात्मक परिस्थितीत द्यावी, असा नियम झाला. त्यानंतरही बरीच वर्षे पालक टक्केवारीचा मुद्दा मांडत राहिले, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आइल ऑफ वाइटचे जॉन प्लॅट यांनी एप्रिल २०१५ मध्ये मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाला नेले, दंड भरायला नकार दिला, आणि तिची हजेरी सुमारे ९० टक्के असल्यामुळे ती नियमितच शाळेत जाते असा बचाव केला. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्यांची सरशी झाली. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने निकाल दिला की शाळेच्या नियमांप्रमाणे हजर राहणे म्हणजेच नियमित हजेरी. ‘बाकी वर्षभर तो कधी चुकत नाही’ हा तुमचा मुद्दा त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने बचाव उरलेला नाही. अर्जात त्याला किंमत आहे, पण ती एक अनुकूल बाब म्हणून. तिचा हक्क होत नाही.

तुमच्या बहिणीचे उदाहरण खरे असूनही तुमच्या उपयोगाचे नाही. शिक्षण हा विषय ब्रिटनच्या चारही भागांत स्वतंत्रपणे हाताळला जातो. स्कॉटलंडमध्येही टर्म चालू असताना नेलेली सुट्टी साधारणपणे विनापरवानगी म्हणूनच नोंदवली जाते, पण इंग्लंडसारखी पालकांना ठरावीक दंडाची नोटीस पाठवण्याची पद्धत तिथे नाही. म्हणजे तुमच्या बहिणीला परवानगी मिळाली असेलच असे नाही. कदाचित नोंद झाली आणि पुढे काही झाले नाही, इतकेच. वेल्समध्ये मुख्याध्यापकांना वर्षात दहा दिवसांपर्यंत सुट्टीसाठी रजा देण्याची मुभा आजही आहे, मात्र तीही मागणाऱ्याचा हक्क नाही, आणि तिथे दंडही आहे. (जर्मनीतल्या आपल्या लोकांशी बोललात तर त्यांना हे सगळे फारच सौम्य वाटेल. बव्हेरियात २०१८ साली सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसांत मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांसह निघालेल्या कुटुंबांना हटकले होते.) तेव्हा कार्डिफ, ग्लासगो किंवा म्युनिकच्या नातेवाइकांचा अनुभव ऐकावा आणि सोडून द्यावा. तुम्हाला लागू आहेत ते इंग्लंडचे नियम आणि तुमच्या शाळेचे धोरण, जे शाळेच्या संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे.

आता दंडाचा हिशेब. ऑगस्ट २०२४ पासून सगळ्या इंग्लंडला एकच चौकट लागू आहे. त्याआधी प्रत्येक काउन्सिलचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे, निकष निराळे होते, त्यामुळे जुन्या ओळखीच्यांकडून ऐकलेले आकडे विसरून जा. शाळेचा दिवस सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांचा धरतात. शाळेच्या सलग दहा आठवड्यांच्या अवधीत दहा सत्रे, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी भरले की शाळेने दंडाचा विचार करावाच लागतो. पहिल्या वेळी रक्कम १६० पौंड असते, ती २१ दिवसांत भरली तर ८० पौंडांवर भागते, आणि २८ दिवसांपर्यंतही भरली नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जाऊ शकते. हा दंड प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकामागे असतो, हे अनेकांना नोटीस हातात पडल्यावरच कळते. तुमचे यजमान कामासाठी रेडिंगलाच थांबले आणि केवळ लग्नापुरते चार दिवस येऊन गेले, तरी त्यांनी या रजेला संमती दिली असेल तर त्यांच्याही नावाने नोटीस येऊ शकते. तुमच्या बाबतीत तीन आठवडे म्हणजे तीस सत्रे होतात. मुलाच्या रजेसाठी दोघांचे मिळून, वेळेत भरल्यास, १६० पौंड धरा. मुलीचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

शेजारणीचे गणित आता तुमच्या लक्षात आले असेल. नाताळच्या सुट्टीतली लंडन-मुंबई तिकिटे आणि नोव्हेंबरातली तिकिटे यांच्या भावात चौघांच्या कुटुंबाला याहून कितीतरी मोठा फरक पडतो. हे गणित चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हटले तर तुम्ही माझ्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही. पण ते अर्धे आहे. त्याच मुलासाठी तीन वर्षांच्या आत दुसरी नोटीस आली तर थेट १६० पौंड भरावे लागतात, लवकर भरण्याची सवलत मिळत नाही. तिसऱ्या वेळी दंडाची नोटीस पाठवताच येत नाही. काउन्सिलला दुसरा मार्ग निवडावा लागतो आणि तो बहुधा खटल्याचा असतो. खटल्यात दोष सिद्ध झाल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि गंभीर कलमाखाली शिक्षा त्याहून मोठी आहे. रजा फारच लांबली असेल तर काउन्सिल पहिल्याच वेळी नोटिशीऐवजी खटल्याचा मार्गही घेऊ शकते. आपली कुटुंबे मोठी असतात. येत्या तीन वर्षांत घरात आणखी कोणाचे लग्न आहे, कोणाची साठी आहे, कोणाची तब्येत नाजूक आहे, याचा विचार करून मगच ‘एकदा दंड भरून मोकळे होऊ’ असे म्हणावे. पहिली नोटीस मौजेसाठी खर्च केली आणि दुसरी वेळ खऱ्या अडचणीत आली, अशी कुटुंबे माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत.

याच संदर्भात आपल्याकडचे पालक आवाज खाली आणून एक प्रश्न विचारतात, तो तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असणार: याचा व्हिसावर परिणाम होतो का? वेळेत भरलेला दंड म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद नव्हे. भरल्यावर त्या अनुपस्थितीपुरती जबाबदारी संपते. नोटीस न भरता प्रकरण न्यायालयात गेले आणि तुम्ही दोषी ठरलात, तर ती मात्र फौजदारी शिक्षा ठरते, आणि व्हिसाच्या व नागरिकत्वाच्या अर्जांत अशा शिक्षांबद्दल स्पष्ट प्रश्न असतात. म्हणून नोटीस आलीच तर तत्त्वाचा मुद्दा करून ती कपाटात ठेवू नका. तिच्यावर अपील करण्याची सोय नाही. ती चुकीने पाठवली गेली असेल तर काउन्सिलला लगेच पुराव्यासह लिहावे. स्थायी वास्तव्याचा अर्ज तोंडावर असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे, शाळेच्या कार्यालयाला नव्हे.

पाच दिवसांच्या आत राहिले तर दंड नाही, अशी युक्तीही तुमच्या कानावर येईलच. चार दिवस विनापरवानगी म्हणजे आठ सत्रे, आणि तेवढ्यावर सहसा नोटीस निघत नाही, हे खरे आहे. पण दहा आठवड्यांची मोजणी टर्म संपली की पुसली जात नाही, ती पुढच्या टर्ममध्येही चालू राहते. शिवाय हजेरीपट बंद झाल्यानंतर उशिरा पोहोचलेली सत्रेही विनापरवानगीत धरली जातात. वर्षात तीन-चार वेळा मुद्दाम चार-चार दिवसांच्या सहली काढणाऱ्या पालकांना या मर्यादेच्या आतही नोटीस देण्याची मुभा मार्गदर्शक सूचनांनी काउन्सिलांना दिलेली आहे.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्टच बोलते: मुले आजारी असल्याचे खोटे कळवू नका. पकडले जाल हे त्याचे मुख्य कारण नाही, पण बहुधा पकडलेही जाल. भावंडे एकाच दिवशी आजारी पडतात, पालकांच्या मोबाइलची घंटी परदेशातली वाजते, आणि परतल्यावर इयर फोरमधला मुलगा पहिल्याच तासाला काकाच्या वरातीत आपण कसे नाचलो ते उभे राहून सांगतो. मुलाने ते सांगावेच. त्याला ‘शाळेत बोलायचे नाही हं’ अशी ताकीद देऊन विमानातून उतरवणे हे मला त्या दंडापेक्षा फार महाग वाटते. शिवाय शाळेचा तुमच्यावरचा विश्वास एकदा गेला की पुढे मूल खरोखर दोन आठवडे तापाने पडले तरी डॉक्टरांचे कागद मागितले जातात. खोट्या आजारपणापेक्षा विनापरवानगी रजेची सरळ नोंद पुष्कळ बरी.

पटावरून नाव जाण्याची भीती तुमच्या बेतापुरती नाही, पण तिच्या जवळ जाऊ नका. वीस शाळा-दिवस झाले की नाव आपोआप कापले जाते, ही समजूत चुकीची आहे. सलग वीस शाळा-दिवस विनापरवानगी अनुपस्थिती असेल, मूल आजारी असल्याचे कारण दिसत नसेल, आणि शाळा व काउन्सिल यांनी मिळून चौकशी करूनही मूल सापडत नसेल किंवा ते परत येईल असे मानायला आधार नसेल, तर नाव कमी करता येते. मंजूर रजा संपल्यावर दहा शाळा-दिवस मूल आले नाही तरीही तशीच प्रक्रिया आहे. तुमचे पंधरा शाळा-दिवस आहेत. अडचण होते ती कोणाचे आजारपण निघून मुक्काम वाढतो तेव्हा. तसे झाले तर त्याच दिवशी शाळेला लेखी कळवा, नवे परतीचे तिकीट पाठवा, आणि शाळेचे ईमेल रोज पाहत राहा. प्रतीक्षायादी असलेल्या शाळेत एकदा जागा गेली की ती परत मिळवणे कठीण असते, आणि मग भावंडे दोन वेगळ्या शाळांत जातात. आईवडिलांना रोज सकाळी दोन दिशांना धावावे लागते, ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

आता मुलीकडे वळते. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे आणि वर्गातली वस्तुस्थिती नाही, असा उलटा प्रकार आहे. इंग्लंडमध्ये सक्तीचे शालेय वय पाचव्या वाढदिवशी लागत नाही. पाचवा वाढदिवस झाल्यानंतर ३१ डिसेंबर, ३१ मार्च किंवा ३१ ऑगस्ट यांपैकी जी तारीख आधी येईल तेव्हापासून ते लागते. म्हणून नेहमीच्या वयात रिसेप्शनला आलेले कोणतेही मूल पहिल्या टर्ममध्ये सक्तीच्या वयाचे नसते, आणि तुमच्या मुलीच्या या रजेसाठी दंड होऊ शकत नाही. उन्हाळ्यात जन्मलेल्या ज्या मुलांचा प्रवेश पालकांनी वर्षभर पुढे ढकललेला असतो, तेवढीच याला अपवाद. पण रिसेप्शनची पहिली टर्म म्हणजे ध्वनी आणि अक्षरे यांची रोजची शिकवणी. दर आठवड्याला नवे ध्वनी येतात, ते जोडून शब्द वाचणे सुरू होते, आणि प्रत्येक धडा आदल्या दिवसाच्या धड्यावर उभा असतो. तीन आठवडे चुकलेले इयर फोरचे मूल बरेचसे भरून काढते. रिसेप्शनचे मूल परत येते तेव्हा त्याच्या गटातली मुले पुढे वाचत असतात आणि त्याला आपण मागे आहोत हे कळतेही. जे मूल आधीच घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी कसरत करते त्याला तर हे जास्तच जाणवते. तेव्हा दंड नाही म्हणून मुलीला बिनधास्त न्यावे, असा अर्थ काढू नका. तिच्या वर्गशिक्षिकेला भेटून त्या तीन आठवड्यांत कोणते ध्वनी येणार आहेत ते विचारा आणि त्यांची कार्डे मागून घ्या. आजोबांना रोज पंधरा मिनिटे नातीबरोबर बसायला सांगा. निवृत्त आजोबा हे काम शिक्षकांपेक्षा चिकाटीने करतात.

मुलाच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची. इयर फोरच्या शेवटी, जूनमध्ये, पाढ्यांची राष्ट्रीय चाचणी असते: बारापर्यंतचे पाढे, पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सांगलीच्या घरात पाढे म्हणवून घेणारे कोणी ना कोणी सापडेलच, आणि तिथे बारावर कोणी थांबणार नाही. फक्त मुलाने ते इंग्रजीतूनही म्हणावेत, कारण सहा सेकंदांत भाषांतर करायला वेळ उरत नाही. बाकी, शाळा तीन आठवड्यांचा अभ्यास बांधून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. विनापरवानगी रजेसाठी तसे करणे शिक्षकांवर बंधनकारक नाही.

इतके सांगून झाल्यावर, तुमच्या जागी मी असते तर काय केले असते ते सांगते. तुम्ही पाठवलेला ईमेल मी पाहिलेला नाही, पण तुमच्या लिहिण्यावरून त्यात ‘तीन आठवडे भारतात कुटुंबाला भेटायला आणि लग्नाला’ असे असावे. असा अर्ज आमच्यासमोर आला की तो सुट्टीचा अर्ज म्हणून वाचला जातो, कारण त्यातले लग्न एका दिवसाचे आणि बाकीचे वीस दिवस भेटीचे दिसतात. सरकारी सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की सुट्टी किंवा विरंगुळा हे साधारणपणे अपवादात्मक कारण मानू नये. मुख्याध्यापकांनी मनात आणले तरी तीन आठवडे मंजूर करणे त्यांना अवघड असते. काउन्सिल आणि तपासणीला येणारे लोक त्यांना याबद्दल विचारतात. म्हणून एकच मोठी मागणी करण्याऐवजी, जे खरोखर अपवादात्मक आहे तेवढेच वेगळे काढून मागावे. वडिलांच्या सख्ख्या भावाचे लग्न आयुष्यात एकदाच होते, तारीख मुहूर्तावर ठरते, आणि ते दुसऱ्या देशात आहे. या तीन गोष्टी कोणत्याही मुख्याध्यापकाला समजतात.

पहिल्या नकाराला उत्तर म्हणून वाद घालू नका. नवा अर्ज करा. तो शाळेच्या ठरलेल्या फॉर्मवर, मूल ज्या पालकाजवळ राहते त्या पालकाने, शक्यतो तिकिटे काढण्याआधी करावा. रजा होऊन गेल्यावर परवानगी मागता येत नाही. नवरदेवाचे मुलांशी नाते काय, हळद आणि लग्न कोणत्या दिवशी, मुंबईला उतरल्यावर सांगली गाठायला किती वेळ लागतो, आणि म्हणून नेमके कोणते शाळा-दिवस हवेत, हे तारखांसह लिहा. लग्न रविवारी असेल तर आधीचे गुरुवार-शुक्रवार आणि नंतरचा सोमवार, फार तर मंगळवार, ही मागणी वाजवी दिसते. पत्रिका छापून आली नसेल तर मंगल कार्यालयाच्या नोंदणीची पावती जोडा. पत्रिका असेल तर तिच्यावरची तारीख, स्थळ आणि नवरा-नवरीची नावे इंग्रजीत खाली लिहून द्या, नाहीतर शाळेच्या कार्यालयातली व्यक्ती नुसता गणपती बघत बसते. मुलाच्या ९८ टक्क्यांचा उल्लेख याच ठिकाणी एका वाक्यात करावा. आणि शक्य असेल तर ईमेलवर थांबू नका, दहा मिनिटांची भेट मागा. कागदावरच्या नकाराचे तीन दिवसांच्या मंजुरीत रूपांतर झालेले मी पाहिले आहे ते बहुतेक अशा भेटीत. मंजूर झालेले दिवस दंडाच्या मोजणीत धरले जात नाहीत, हा त्याचा दुसरा फायदा.

याहून मोठी गोष्ट तुमच्या हातात अजून आहे: तारीख पक्की झालेली नाही. इंग्लंडमधल्या शाळा साधारण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाताळसाठी बंद होतात. सासरी आजच फोन करून सांगा की दोन-तीन मुहूर्तांपैकी डिसेंबरातला, जितका सुट्टीच्या जवळचा तितका, धरता आला तर मुले लग्नालाही येतील आणि नंतर निवांत राहतीलही. परदेशातल्या मुलांच्या शाळेचा विचार मुहूर्ताच्या यादीत कोणी करत नाही, कारण आपण तो वेळेवर सांगत नाही. मंगल कार्यालयाचे पैसे भरल्यावर सांगून उपयोग नसतो. लग्न टर्मच्या शेवटच्या आठवड्यात आले तर चार दिवसांच्या मंजुरीने संपूर्ण तीन आठवडे साधतील, तिकिटे थोडी महाग पडतील खरी. शाळेच्या दिनदर्शिकेत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे इनसेट दिवसही पाहून घ्या. वर्षात असे पाच दिवस मुलांना सुट्टी असते आणि ते शाळेशाळेनुसार बदलतात. शुक्रवार किंवा सोमवार असा मोकळा निघाला तर अर्जातला एक दिवस कमी होतो.

तारीख नोव्हेंबरातच राहिली आणि शाळेने तीन-चार दिवसच दिले, तर मग निवड तुमची आहे. मी स्वतः तेवढ्याच दिवसांत लग्न उरकून परत आले असते आणि आजी-आजोबांसाठी नाताळ किंवा उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी ठेवली असती, पाऊस असला तरी. एखादे आई-वडील म्हणतील की आजोबांचे वय पंच्याऐंशी आहे आणि पुढचा उन्हाळा कोणी पाहिला आहे. त्यांनी विचारपूर्वक विनापरवानगी रजा घेतली, शाळेला खरे सांगितले आणि दंड वेळेत भरला, तर मी त्यांना बेजबाबदार म्हणणार नाही. समुद्रकिनाऱ्यावरची स्वस्त सहल आणि सात समुद्रापलीकडच्या आजी-आजोबांची भेट यांत हा नियम फरक करत नाही, आणि ज्यांचे सगळे नातेवाईक दोन तासांच्या अंतरावर आहेत त्यांनी तो लिहिला आहे, असे मलाही वाटते. पण नियमामागचे कारण खोटे नाही. महासाथीनंतर इथे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस चुकवणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच्या जवळपास दुप्पट झाले होते. तीस मुलांच्या वर्गात दर आठवड्याला वेगळी दोन-तीन मुले गैरहजर असली की शिक्षिका नवा धडा कमी घेते आणि जुना परत जास्त शिकवते, आणि जी मुले रोज आलेली असतात ती कंटाळून बसतात. तुमच्या मुलाच्या ९८ टक्क्यांचा तो दुसरा हिशेब आहे, आणि मुख्याध्यापकांना तो मांडावा लागतो.

लग्नाची तारीख ठरली, की त्या आठवड्यातले शाळेचे दिवस आणि शाळेच्या धोरणातला रजेविषयीचा परिच्छेद मला कळवा. किती दिवस मागणे शहाणपणाचे ठरेल ते त्यावरून अधिक नेमके सांगता येईल. मुलीसाठीही वेगळा फॉर्म भरा. दंड नसला तरी तिची अनुपस्थिती नोंदवली जातेच, आणि शाळेने फोन करून ‘मुलगी कुठे आहे’ असे विचारण्याची वेळ येऊ नये.